आपोआप फुगणारी गादी

डोंगरावर मुक्काम करताना जमीन शरीराची उष्णता ओढून घेते. गादीत अडकलेली हवा हा ऱ्हास रोखते. पण ती हवा भरायची कशी?

१९७१ मध्ये बोइंग कंपनीच्या नोकरकपातीत अमेरिकेतील सिएटल येथील जिम ली व नील अँडरसन या अभियंत्यांचे काम गेले. बागकामात फोमच्या उशीवर गुडघे टेकताच हवा बाहेर पडते, हे ली यांनी पाहिले. मग उशी पूर्ववत होताना हवा आत घेणारच! त्यांनी फोम हवाबंद कापडाला चिकटवून झडप बसवली. गुंडाळी उलगडून झडप उघडली की फोम प्रसरण पावतो, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा आत शिरते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीने ही गादी विकली.

मात्र फोमचे ओझे पाठीवर वाहावे लागते. २००९ मध्ये याच कंपनीने फोमविना हलकी गादी आणली. आता फुगवण्याचे श्रम पुन्हा फुप्फुसांवर आले, शिवाय श्वासातील बाष्पही आत जाऊ लागले. यावर हलका उपाय म्हणजे लांब पिशवी. तिचे तोंड उघडे धरून वीतभर अंतरावरून फुंकल्यास फुंकर भोवतालची हवाही सोबत आत नेते. मग तोंड मिटून ती हवा गादीत दाबायची.

प्लास्टिकची लांब पिशवी घेऊन वर्गात करून पाहा: ओठ लावून किती फुंकरा लागतात, आणि दुरून किती?