शिकारीपासून चिंधीपर्यंत

छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची हकीकत पुष्कळ मराठी घरांतून सांगितली जाते. वाघाच्या तावडीतून धन्याचा जीव वाचविला म्हणून त्यास जहागिरीची सनद मिळाली, पालखीचा मान मिळाला, आणि त्याची समाधी साताऱ्याजवळ कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर माहुलीस दाखविली जाते. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात ही हकीकत नमूद केली आहे. भर दरबारात महाराजांनी कुत्र्यास किनखाब व जवाहीर लेवविले आणि स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेवली, असेही तो लिहितो. आणि हे सारे तो बुद्धिभ्रंशाच्या लहरीत जमा करून मोकळा होतो. साहेबाचा हा निकाल मला घाईचा वाटतो. पगडी ही लहर असेल. पण ज्याने जीव वाचविला त्याच्या पोटापाण्याची तजवीज करणे यात वेड कोणते? असो. इतिहासाने पालखी तेवढी लक्षात ठेवली. पालखी मिळण्यापूर्वी त्या जनावरास रोज रानात नेऊन, दमास पक्के करून, सोडल्याबरोबर धावणारे व हाक मारल्याबरोबर परतणारे करावे लागले असणार. आणि ही विद्या जाणणारा कुत्री राखणारा माणूस मात्र पालखीच्या गोष्टीत कोठेच दिसत नाही.

त्या विद्येची आठवण आज होण्यास कारण घडले आहे. शाहू महाराजांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे घराणे श्रीवर्धनच्या देशमुखांचे. त्याच श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या बोर्ली पंचतनास शनिवार-रविवारी दिवेआगरच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते, आणि त्यांतून मुंबई-पुण्याची कुत्रीही उतरतात. आठवडाभर चौथ्या मजल्यावर कोंडलेले जनावर वाळूवर पाय टेकताच उधळते. इकडे वाडीतल्या घरी रातराखणीस ठेवलेला कुत्रा पडवीच्या खांबाशी साखळीने जखडलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणे एवढाच त्याचा व्यायाम. (जिल्ह्याचे नाव रायगड असल्यामुळे वाचकांस येथे वाघ्याची आठवण होईल. पण त्या कथेस समकालीन आधार नसल्याने ती मी मुद्दाम बाजूस ठेवतो.) या दोन्ही कुत्र्यांसाठी सध्या एक साधन सुचविले जाते. चार-पाच हात लांबीची हलकी काठी, तिच्या शेंड्यास साधारण तितकीच दोरी, आणि दोरीच्या टोकास चिंधी किंवा मऊ खेळणे. माणसाने एका जागी उभे राहून काठी फिरवावी, चिंधी भुईसरपट पळावी आणि कुत्र्याने तिचा पाठलाग करावा. इंग्रजी जाणणारे यास 'फ्लर्ट पोल' म्हणतात. आपण चिंधीची काठी म्हणू. बोर्लीत ती कळकाची एखादी काठी आणि जुने धोतर एवढ्यावर घरी तयार होते.

साधन नवे भासले तरी त्यामागील कल्पना फार जुनी आहे. बहिरी ससाणा पाळणारे लोक दोरीस पिसांचा झुबका बांधून तो हवेत फिरवीत आणि आकाशात गेलेला पक्षी त्या खोट्या भक्ष्यावर परत बोलावीत. धावत्या वस्तूमागे झेपावणे ही शिकारी प्राण्याची उपजत प्रेरणा होय. ती माणसाच्या हातातील दोरीस बांधता येते, हे ज्या दिवशी कळले त्याच दिवशी या काठीचा जन्म झाला म्हणावयाचे.

दक्षिणेत कुत्र्यांच्या या खेळास राजमान्यता होती, याची साक्ष कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मिळते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून 1925 पासून खंडशः छापला गेला. त्यात जुन्या मराठी गीताचे तुकडे आढळतात म्हणून आपले भाषापंडित त्याची आवर्जून चर्चा करतात; पण त्याच ग्रंथात हत्ती, घोडे, मल्ल, ससाणे यांच्याबरोबर सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांच्या खेळाचे प्रकरण आहे, तिकडे सहसा कोणी वळत नाही. निरनिराळ्या प्रांतांची कुत्री, त्यांची लक्षणे आणि शिकारीतील त्यांचा उपयोग यांचा विचार राजाने गंभीरपणे केलेला आहे. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमेवर जी उंच, सडपातळ, लांब तोंडाची कारवानी कुत्री आढळतात, त्यांचे काम हेच. ती वासाने माग काढीत बसत नाहीत; डोळ्यांनी हेरून वाऱ्यासारखी सुटतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीची निगा राखली, म्हणून तिला मुधोळ हे नाव मिळाले. 2005 साली भारतीय टपाल खात्याने काढलेल्या कुत्र्यांच्या तिकिटांत तिला स्थान लाभले.

व्यायामाचा प्रश्न मात्र सर्वांत नेमकेपणाने एका ग्रीक ग्रंथकाराने हाताळला आहे. भारताविषयी 'इंडिका' लिहिणारा एरियन आपणांस शिकंदराच्या स्वारीमुळे परिचित आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील हा गृहस्थ रोमन साम्राज्याचा प्रांताधिकारी होता, आणि हौशी शिकारीही होता. त्याच्या पाचशे वर्षे आधी झेनोफनने शिकारीवर एक पुस्तक लिहिले होते आणि कुत्री आठव्या व कुत्रा दहाव्या महिन्यात शिकारीस न्यावा, असा नियम दिला होता. एरियन झेनोफनला गुरू मानतो; पण या ठिकाणी तो गुरूस सोडून जातो. मादी सुमारे अकराव्या महिन्यापर्यंत आणि नर तर पुरता दोन वर्षांचा होईपर्यंत सशामागे सोडू नये, कारण नराचे अवयव उशिरा भरतात, असे त्याचे म्हणणे. आजचा पशुवैद्य क्ष-किरणांच्या आधाराने जवळजवळ हेच सांगतो. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कोवळ्या कूर्चेचा थर असतो. हाड वाढते ते तेथे. मध्यम व मोठ्या जातींत हा थर बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास हाडात मिळून जातो, अतिमोठ्या जातींत त्याहूनही उशिरा. तोवर उड्या व गरगर वळणे यांचा मारा झाला तर हाड वाकडे वाढण्याचे भय असते. म्हणून सहा महिन्यांच्या पिल्लापुढे काठी नाचविणाऱ्या उत्साही माणसास मी एरियनची साक्ष काढून थांबवीन. पिल्लास चिंधी दाखवावी, 'थांब' आणि 'सोड' हे शब्द शिकवावे, चार पावले चालू द्यावे. धाव पुढल्या वर्षी.

एरियनचे दुसरे मत मला याहून मोलाचे वाटते. ससा मारण्यासाठी नव्हे तर शर्यत पाहण्यासाठी खरा रसिक कुत्रे सोडतो, आणि ससा निसटला तर त्याला आनंद वाटतो, असे तो म्हणतो. सशास पुढे जाऊ द्यावे, आणि एका सशामागे दोहोंपेक्षा अधिक कुत्री सोडू नयेत, ही त्याची शिस्त. इंग्लंडात पुढे या खेळाचे नियम बांधले गेले तेव्हा सशास 240 यार्डांची आघाडी देण्याची रीत पडली, आणि ससा मारण्यापेक्षा त्यास वळविण्याच्या कौशल्यास गुण मिळू लागले. तरीही ससे मरतच होते. 1876 साली लंडनजवळ हेंडन येथे दोरीने ओढलेल्या खोट्या सशामागे कुत्री पळविण्याचा प्रयोग झाला. लोकांस तो रुचला नाही. यांत्रिक ससा वाटोळ्या मार्गावर फिरू लागला तेव्हा, 1926 साली मँचेस्टरात, त्याच शर्यतीस गर्दी लोटली. खऱ्या सशाचा खेळ इंग्लंडात 2004 च्या कायद्याने बंद झाला. यांत्रिक शर्यतीत ससा वाचला खरा, पण कुत्र्याची सुटका झाली नाही: जुगाराच्या पैशासाठी तीच ती डावी वळणे भरवेगाने घेऊन पाय मोडणे हे त्याच्या नशिबी आले. एकाच दिशेस फिरविण्याचा दोष काठीतही शिरतो, म्हणून दर खेपेस फिरविण्याची बाजू बदलावी.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही संपले. कायदा योग्यच होता; सशा-हरणांस कुत्र्यांपुढे टाकण्याचे दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. परंतु कायद्याने शिकार थांबली तरी कारवान्याच्या मांडीतील धाव थांबली नाही. हजार वर्षे ज्या कामासाठी त्याची निपज केली ते काम एका पिढीत नाहीसे झाले. उरली ती साखळी. ही उणीव भरून काढण्यास काठीचा उपयोग आहे. मात्र जुन्या शिकाऱ्याकडून आपण केवळ सोडणे उचलले आणि आवरणे मागे ठेवले, तर हा खेळ कुत्र्यास अपाय करील.

आवरण्याची ही कला कोल्हापूर दरबारच्या चित्तेवानांकडे पाहिली म्हणजे समजते. शाहू छत्रपतींच्या व त्यांच्या मागून राजाराम महाराजांच्या काळी तेथे काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. चित्त्याने काळवीट धरले म्हणजे त्याच्या तोंडून ते ओढून काढण्याचे साहस कोणी करीत नसे. रक्त किंवा मांस भरलेला पळा त्याच्या नाकाशी नेत. ते चाटण्यासाठी चित्ता आपण होऊन भक्ष्य सोडी, आणि त्या क्षणी डोळ्यांवर पट्टी चढे. कुत्र्यास 'सोड' शिकविण्याची रीत याहून निराळी नाही. चिंधी त्याच्या तोंडात असता काठी ओढू नये, दात व मान दोन्ही दुखावतात. दोरी सैल करावी, भाकरीचा वा मांसाचा तुकडा पुढे करावा, सोडताच द्यावा आणि पुन्हा चिंधी पळवावी. सोडल्याने खेळ संपत नाही, उलट पुढे चालू राहतो, हे एकदा त्याच्या ध्यानी आले म्हणजे तुकड्याचीही गरज उरत नाही. तसेच दर चार-पाच धावांत एकदा तरी त्यास चिंधी पकडू द्यावी. कधीच हाती न लागणाऱ्या वस्तूमागे धावविलेले जनावर चिडखोर होते, आणि ती चीड शेवटी कोणाच्या तरी पोटरीवर निघते.

आता भूमीचा विचार. आमच्या बाजूस घरांपुढे जांभ्या दगडाची फरसबंदी असते. खरखरीत जांभ्यावर कुत्र्याच्या तळव्यांची साल निघते. गुळगुळीत शहाबादी फरशी त्याहून वाईट, कारण वळताना मागचा पाय सरकतो आणि गुडघ्यातील बंध तुटण्यास तेवढा एक झटका पुरतो. किनाऱ्यावरील कोरडी, भुसभुशीत वाळू मऊ दिसते म्हणून लोक फसतात. तीत पाय रुततो व शिरा ताणल्या जातात. भातकापणीनंतरच्या शेतात खुंट असतात. ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली, ओली, दाबून बसलेली वाळू सर्वांत चांगली, आणि ती दिवेआगरास हवी तितकी आहे. शिंपल्या व जाळ्यांचे तुकडे मात्र आधी पाहून घ्यावे. चिंधी भुईलगतच ठेवावी आणि वळण मोठे घ्यावे. ती उंच उडवून कुत्र्यास हवेत फिरकी घ्यावयास लावणे पाहणाऱ्यास मौजेचे वाटते, पण उतरताना सारा भार मागच्या दोन गुडघ्यांवर व कण्यावर येतो. दोरी ताणणाऱ्या रबराची नसावी. सुटली तर उलटून डोळ्यावर बसते. खेळ संपल्यावर काठी माळ्यावर टाकावी, कारण चघळलेली चिंधी किंवा गिळलेली दोरी आतड्यात अडकली म्हणजे शस्त्रक्रियेवाचून गती नसते.

कोकणात सर्वांत मोठे भय हवेचे. कुत्र्यास आपल्यासारखा घाम येत नाही. जिभेवरील व श्वासमार्गातील ओलावा उडून जातो तेवढीच त्याची निववण. समुद्रकाठच्या दमट हवेत तो ओलावा नीट उडत नाही, आणि पाठलागाच्या धुंदीत जनावर आपण होऊन थांबत नाही. त्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता 38 ते 39 अंश सेल्सिअस. ती 41 च्या पुढे गेली की प्राणावर बेतते. म्हणून वेळ पहाटेची. आधी पाच मिनिटे चालविणे, मग अर्ध्या मिनिटाची एक धाव, तितकीच किंवा अधिक विश्रांती, आणि सारे मिळून सात-आठ मिनिटांत आटोपणे. पहिल्या आठवड्यात त्याच्या निम्मे पुरे. दम हळूहळू वाढतो. जेवणानंतर दोन तास तरी काठी काढू नये. बसक्या नाकाच्या विलायती जातींस हा खेळ न देणेच बरे, आणि म्हाताऱ्या अथवा लठ्ठ कुत्र्याच्या बाबतीत आधी पशुवैद्याचा विचार घ्यावा. जीभ फावड्यासारखी रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, पाय अडखळू लागले, की त्या क्षणी सावलीत नेऊन पोटावर व पंजांवर साधे पाणी ओतावे, वारा घालावा, आणि उतार न पडल्यास तडक दवाखाना गाठावा.

मृगापासून पुढे चार महिने आमच्याकडे हे सर्व बंद पडते. अंगणात शेवाळ धरते, किनारा खवळलेला असतो. त्या दिवसांत तीच चिंधी काठीवरून सोडून घ्यावी, पडवीतील भाताच्या कणगीमागे किंवा पेंढ्याच्या भाऱ्यात लपवावी आणि कुत्र्यास नाकाने शोधू द्यावी. डोळ्यांनी शिकार करणारा कारवानीही दोन-तीन दिवसांत ती शोधू लागतो, आणि चतुर्थीला पाहुणे येईतो पडवीचा एकही कोपरा हुंगावयाचा ठेवीत नाही.