कुस्को : दोन भिंतींचें शहर

पेरू देशांतील कुस्को हें शहर घाईनें पाहतां येत नाहीं. अँडीज पर्वतांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ११,००० फूट उंचीवर तें वसलें आहे. तेथील हवा इतकी विरळ कीं, नवखा प्रवासी चार पायऱ्या भरभर चढला तरी त्यास धाप लागते. सावकाश चालावें, मधून मधून भिंतीस टेकून उभें राहावें, हा तेथें हिंडण्याचा नियमच होऊन बसला आहे. आणि ज्या भिंतीस प्रवासी टेकतो, तीच बहुधा पाहण्यासारखी असते.

जुन्या रस्त्यांवर एकाच घराला दोन भिंती दिसतात. खालीं पुरुषभर उंचीपर्यंत घडीव काळसर दगड. त्यांत चुना नाहीं, माती नाहीं, तरी सांधे असे कीं सुरीचें पातें आंत जाऊं नये. त्यावर पांढरा गिलावा, लांकडी सज्जे आणि कौलें. खालची भिंत इंका राजांच्या काळची. वरची त्यांच्या स्पॅनिश जेत्यांची. फ्रान्सिस्को पिझारो १५३३ च्या नोव्हेंबरांत या राजधानींत शिरला. त्याच्या माणसांनीं राजवाडे आपसांत वांटून घेतले, आणि पाडलेल्या वास्तूंच्या पायांवरच आपलीं घरें उठविलीं.

सकाळचें पहिलें स्थळ कोरिकांचा, म्हणजे सुवर्णाचें आवार. हें सूर्याचें मंदिर. कैदेंत पडलेल्या आतावाल्पा राजाच्या सुटकेचें मोल म्हणून येथील भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटून नेण्यांत आले. मोल हातीं पडल्यावरही राजास सोडलें नाहीं. १५३३ तच त्यास ठार केलें. पुढें मंदिर डोमिनिकन साधूंच्या ताब्यांत गेलें, व त्यावर सांतो दोमिंगोचें चर्च उभें राहिलें. १६५० च्या भूकंपांत तें कोसळलें, पुन्हां बांधलें. २१ मे १९५० रोजीं धरणी पुन्हां हादरली आणि चर्चची मोठी पडझड झाली. जुने इंका दगड मात्र बव्हंशीं जागचे हलले नाहींत. उलट गिलाव्याआड दडलेल्या त्यांच्या भिंती त्या पडझडीनंतर उजेडांत आल्या. यांत चमत्कार कांहीं नाहीं. या भिंती आंतल्या बाजूस किंचित् कललेल्या, दारें वरतीं निमुळतीं, आणि दगड एकमेकांत नुसते बसविलेले. त्यामुळें हादरा बसला तरी ते पुन्हां आपल्या जागीं बसतात.

तेथून चौकाकडे जातांना हातुनरुमियोक नांवाची अरुंद गल्ली लागते. आर्चबिशपच्या वाड्याच्या पायथ्याशीं इंका रोका याच्या महालाची भिंत आहे. तींतील बारा कोनांचा एक दगड शेजाऱ्यांशीं असा मिळून बसला आहे कीं, घडविणाऱ्यानें तो किती वेळां उचलून पाहिला असेल याचेंच नवल वाटतें.

दुपारीं बाजारांत जावें. तेथें जांभळ्या, पिंवळ्या, काळपट बटाट्यांचे ढीग असतात. महाराष्ट्रांत उपासालाही चालणारा हा कंद मूळचा याच पर्वतांतला. रात्रींच्या थंडींत गोठवून व दिवसां उन्हांत वाळवून त्याचें ‘चुन्यो’ करितात. तें वर्षानुवर्षें टिकतें, आणि इंकांचीं कोठारें अशाच धान्यकंदांनीं भरलेलीं असत. विकणाऱ्या बायका आपसांत केचुआ बोलतात. इंकांची राजभाषा तीच.

या भाषेवर एकदां बंदी आली होती, आणि ती कथा मुख्य चौकाची आहे. १५७२ त शेवटचा इंका तुपाक आमारू याचा शिरच्छेद येथेंच झाला. दोन शतकांनंतर, १७८० त, स्वतःस त्याचा वंशज म्हणविणारा होसे गाब्रिएल कोंदोरकांकी यानें तेंच नांव धारण करून बंड उभारलें. १८ मे १७८१ रोजीं याच चौकांत त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास व थोरला मुलगा यांस त्याच्या डोळ्यांदेखत मारण्यांत आलें. मग त्याचे हातपाय चार घोड्यांस बांधून ओढविले. देह तुटेना, तेव्हां शिर तोडलें. शिक्षेच्या हुकुमांत माणसांबरोबर स्मृतींचाही निकाल लागला : इंकांचा पोशाख, त्यांच्या राजांचीं चित्रें, केचुआ भाषा, सर्वांवर बंदी.

ऊन उतरल्यावर शहराच्या माथ्यावरील साक्सायवामान गांठावें. नागमोडी चढत जाणाऱ्या तिथल्या तीन तटांतील कांहीं शिळा शंभर टनांहून जड असल्याचा अंदाज आहे. चौकांतील कॅथीड्रल १६५४ त पुरें झालें, त्यासाठीं येथलेच दगड ओढून नेले. जे हलवितां आले नाहींत तेच आज उभे आहेत. स्पॅनिश कप्तान व इंका राजकन्या यांचा मुलगा गार्सिलासो दे ला वेगा हा १५३९ त कुस्कोंत जन्मला. बालपणीं सवंगड्यांसह या किल्ल्यावर खेळल्याचें त्यानें लिहिलें आहे. १५६० त तो स्पेनला गेला, तो परत आला नाहीं. परंतु आईकडच्या नातलगांनीं सांगितलेला इतिहास त्यानें तेथें लिहून काढला, व त्याचा पहिला भाग १६०९ त प्रसिद्ध झाला. १७८१ च्या बंडानंतर स्पेनच्या दरबारास या ग्रंथाचेंही भय वाटलें. १७८२ त अमेरिकेंतील मुलखांत त्यावर बंदी घालण्यांत आली.

श्रोत्यांनीं शेवटीं दोन साल ध्यानांत ठेवावे. १९७५ त पेरू सरकारनें केचुआस राजभाषेचा दर्जा दिला. १९७८ त गार्सिलासोच्या अस्थींचा कांहीं अंश स्पेनहून कुस्कोस आला. कॅथीड्रलला लागून असलेल्या एल त्रिउन्फो चर्चमध्यें तो ठेवला आहे, त्याच चौकाच्या कांठीं.

टेकडी उतरतांना अंधार पडतो. गल्ल्यांतील दारांवर स्पॅनिश घराण्यांचीं चिन्हें कोरलेलीं दिसतात, आणि दाराआडून बोलणें कानीं येतें, तें पुष्कळदां केचुआंतलें असतें.