तासिकेवरचे प्राध्यापक : कालचे आणि आजचे

गटाच्या बैठकीत आपण कर्जाचा हप्ता बोलतो, शेळीपालन बोलतो, बियाण्याचा भाव बोलतो. पण हल्ली कळंब तालुक्यातल्या बऱ्याच गटांत आणखी एक प्रश्न येतो. "ताई, पोरगी बी.ए. झाली. एम.ए. करून प्राध्यापक व्हायचं म्हणते. करू द्यावं का?" उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज कॉलेजात शिकवणाऱ्या माणसांचा, त्यातही तासावर शिकवणाऱ्यांचा थोडा इतिहास सांगते.

तासावर शिकवणं म्हणजे काय, ते आपल्याला लगेच कळेल. सालगड्याचा वर्षाचा करार ठरलेला असतो. रोजाने जाणाऱ्या बाईला काम केलेल्या दिवसाचेच पैसे मिळतात. कॉलेजातही तसंच आहे. कायम प्राध्यापकाला महिन्याचा पगार, रजा, सुट्टीचे पैसे मिळतात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला जेवढे तास घेतले तेवढ्याचंच मानधन. दिवाळी, उन्हाळा, परीक्षेचे दिवस कोरडेच जातात. वर्गातल्या मुलांना मात्र दोघेही "सर" आणि "मॅडम"च.

आता मागे जाऊ. पुण्यात १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. ते चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य ही पद्धत होती. शिकलेल्या तरुणांनी वीस वर्षं थोड्या पगारावर शिकवायचं, असं ते व्रत. गोपाळ कृष्ण गोखले त्यातलेच. त्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. पगार थोडा होता, पण जागा पक्की होती. उद्या वर्ग आपल्याच हाती आहे, याची खात्री होती. थोड्या पैशात शिकवणं आणि उद्याचा भरवसा नसताना शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात ठेवा.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरात फोटो असलेल्या माणसाचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ती नेमणूक तात्पुरती होती. त्या पगारातून पैसे साठवून ते १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत लंडनला गेले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन आले आणि वकिली सुरू केली. पण वकिलीवर घर भागेना. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा अर्धवेळ शिकवत होते. १९२८ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात गेले, तेही अर्धवेळच. त्याच कॉलेजाचे ते १९३५ मध्ये प्राचार्य झाले. परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या हातात असलेला माणूसही काही वर्षं अर्धवेळ शिकवत होता. तेव्हा अर्धवेळ शिकवणं म्हणजे कमी शिकलेला, ही समजूत डोक्यातून काढून टाका.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. ते १९१८ साली निघालं आणि तिथली शिकवण्याची भाषा उर्दू. मराठी घरातल्या पोरासाठी ही वाट लांबची आणि परकी होती. मुलींचं तर नावच नको. आपल्याच जिल्ह्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा होती. तिथे स्वामी रामानंद तीर्थ शिकवायचे आणि पुढे तेच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. त्या काळी शिक्षकाची पदवी कोणती याहून तो कशासाठी शिकवतो, हे लोक पाहत.

मुक्तीनंतर चित्र बदललं. १९५० मध्ये औरंगाबादला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज निघालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. मग गावोगावी कॉलेजं आली. शिकवायला माणसं कुठून आली? काही शाळेतून आली. नरहर कुरुंदकर आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते. नोकरी करत त्यांनी पुढचं शिक्षण पुरं केलं, मग पीपल्स कॉलेजात मराठी शिकवायला गेले आणि तिथेच प्राचार्य झाले. शाळेच्या फळ्यावरून कॉलेजच्या फळ्यावर जाण्याची वाट तेव्हा मोकळी होती.

पुढे अटी आल्या. १९८९ पासून नेट परीक्षा सुरू झाली. १९९५ पासून आपल्या राज्याची सेट परीक्षा आली. एम.ए.ला किमान ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ५० टक्के. अटी आल्या ते बरंच झालं, कारण नुसत्या ओळखीवर लागणाऱ्यांना थोडा चाप बसला. पण पात्र माणसं वाढत गेली आणि कायम जागा त्या मानाने निघाल्या नाहीत. जुने प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. २०१७ मध्ये राज्य शासनाने नव्या भरतीवर बंधन घातलं आणि नंतर टप्प्याटप्प्याने थोड्या जागांना परवानगी दिली. मुलं तर वर्गात बसलेलीच होती, तास कुणीतरी घ्यायलाच हवा होता. तो तासिकेवरच्या सर-मॅडमनी घेतला. मराठी, हिंदी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र या विषयांत हे जास्त दिसतं.

ही माणसं कोण असतात? एम.ए., बी.एड., सेट-नेट, कुणी पीएच.डी. सकाळी कॉलेजात तास, दुपारी शिकवणी. कुणी वर्तमानपत्राला बातम्या देतो, कुणी विम्याचं काम करतो, कुणी सोयाबीन काढायला शेतात असतो. बाया असतील तर सकाळचा स्वयंपाक उरकून एसटीने लातूर, बार्शी, अंबाजोगाईकडे जातात. दोन कॉलेजांत तास असले तर अर्धा दिवस गाडीतच जातो.

आता वही काढा, हिशेब करू. समजा, एका तासाचे ९०० रुपये आणि आठवड्याला ९ तास. आठवड्याचे झाले ८,१००. चार आठवड्यांचे ३२,४००. बरे वाटतात ना? पण वर्षात तास सातच महिने चालले, तर मिळाले २,२६,८००. बारा महिन्यांवर वाटले, तर महिन्याला १८,९००. त्यातून एसटी भाडं वजा करा. आणि हे पैसे महिन्याच्या महिन्याला हातात येत नाहीत, बिल मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं ठरवलं होतं. आपल्याकडचा दर त्याहून कमी आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी शिक्षक एकूण शिक्षकांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत, असंही लिहिलं आहे. नियम काय म्हणतो आणि आपल्या कॉलेजात काय आहे, हे पालक म्हणून विचारायचा हक्क आपल्याला आहे.

कारण नुकसान एकट्या प्राध्यापकाचं नाही. जून-जुलैत नेमणूक झाली नाही, तर आपल्या पोरींचे तास बुडतात. शिकवणारी बाई दरवर्षी बदलली, तर पोरीला ओळखणारं, तिच्या घरी येऊन "हिचं लग्न एवढ्यात करू नका" म्हणणारं कुणी उरत नाही.

मग पोरीला एम.ए. करू द्यावं का? माझं म्हणणं, जरूर करू द्यावं, पण डोळे उघडे ठेवून. पहिल्या वर्षापासून ५५ टक्क्यांवर नजर ठेवा. सेटची तयारी एम.ए. करतानाच सुरू करा. २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. सेटला वयाची वरची मर्यादा नाही, म्हणून लग्न होऊन लेकरं मोठी झालेल्या बाईलाही ती देता येते. तासिकेवर लागली, तर नेमणुकीचं पत्र आणि अनुभवाचा दाखला दरवर्षी लेखी घ्यायचा आणि घेतलेले तास स्वतःच्या वहीत तारखेसह लिहायचे. बचत गटाची वही आपण जशी ठेवतो, तशीच ही वही. पैसे अडकले की तीच उपयोगी पडते.

आणि एक. गावात अशी तासिकेवरची मॅडम असेल, तर तिला गटात बोलवा. ती आपल्याला कागद वाचून दाखवेल, पोरींना परीक्षेचं सांगेल. तिला अडचणीच्या महिन्यांत गटाचं कर्ज उपयोगी पडेल. ती शिकलेली आहे म्हणून तिला गरज नसेल, असं समजू नका.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि तुमच्या कॉलेजात किती जागा रिकाम्या आहेत, ते विचारून या.