नाव आणि चेहरा

काशीच्या दशाश्वमेध घाटाच्या इतिहासात दोन मराठी नावे ठळक आहेत. १७४८ मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव यांनी हा घाट बांधविला. १७७४ मध्ये अहल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. अहल्याबाई १७९५ मध्ये निवर्तल्या आणि डागेरची छायाचित्रणपद्धती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. त्यामुळे त्यांची मुद्रा चित्रकार व मूर्तिकार यांच्याच हातून आपल्यापर्यंत आली आहे. नाव राहिले, चेहरा कल्पावा लागला. छायाचित्रण भारतात रुजल्यावर सामान्य माणसाच्या बाबतीत नेमके उलट घडले.

१८६३ मध्ये भारतात आलेल्या सॅम्युएल बोर्नने काशीचे घाट टिपले. त्या काळी ओल्या काचेवर चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढ्यात हललेला स्नानार्थी पुसट होई. व्यक्तिचित्रासाठी बसलेल्याचे डोके मागून लोखंडी आधाराने स्थिर ठेवीत. अशा स्थिर चेहऱ्यांतून सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात सिद्ध झाला. त्यातील बहुतेकांची ओळख जात, जमात वा व्यवसाय एवढीच दिली आहे. माणसाने स्वतःविषयी काय सांगितले असते, याची नोंद तेथे नाही.

मुंबईच्या विल्यम जॉन्सनने तर स्टुडिओत टिपलेल्या माणसांमागे अन्यत्र घेतलेली दृश्ये जोडून १८६३ व १८६६ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. माणूस एका ठिकाणचा, पार्श्वभूमी दुसरीकडची. मात्र त्याच मुंबईत १८५४ मध्ये स्थापन झालेल्या छायाचित्रण संस्थेत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण व्यावसायिक छायाचित्रकार झाले. अशा स्टुडिओत पैसे मोजून येणारा गिऱ्हाईक पगडी, अंगरखा, हातातले पुस्तक स्वतः निवडी. आपण कोण म्हणून दिसावे, हे तो ठरवू लागला. बैठक तीच, पण कथेचा सांगणारा बदलला.

आज दशाश्वमेधावर क्षणार्धात चित्र निघते आणि लोखंडी आधाराची गरज उरलेली नाही. तरीही साधू, नावाडी, तीर्थपुरोहित यांची कितीतरी चित्रे ‘काशीचा साधू’ एवढ्याच ओळीसह दूरवर जातात. घाट बांधणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली. त्याच पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसाचे नाव मात्र चित्र घेणाऱ्याने विचारले तरच टिकणार आहे.