वेठ कुणी धरली, कुणाला

संप झाला, रस्ता अडला की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: आंदोलकांनी जनतेला वेठीस धरले. डहाणू-तलासरीचा इतिहास ठाऊक असलेल्याला हे शब्द बोचल्याशिवाय राहत नाहीत. इथे वेठ म्हणजे जमीनदाराचा माणूस पाड्यावर येऊन हाक मारणार आणि वारली आदिवासीने स्वतःची आवणी टाकून मालकाच्या चिखलात उतरायचे, तेही फुकट. नाही म्हटले तर मार. 23 मे 1945 रोजी झरी गावी हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, रोजाचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय कामाला जायचे नाही, असे त्यांनी ठरवले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला आणि 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळ्यांनी जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा जीव घेतला. म्हणजे वेठ मोडली ती संपाने, आणि आज वेठीस धरल्याचा आळ येतो तो संप करणाऱ्यावरच.

कुणी म्हणेल, शब्द झिजतात, अर्थ सरकतात, त्यात कुणाचा हेतू नसतो. हेतू नसेलही, पण सरकण्याची दिशा पाहावी. तलासरीची हद्द ओलांडली की उंबरगावच्या बाजूला गुजरातीत ‘वेठ उतारवी’ म्हणतात; अर्थ, काम कसेबसे उरकणे. फुकट राबवल्या जाणाऱ्या माणसाच्या हाती अंग राखून काम करण्यापलीकडे फारसे काही नव्हते. भाषेने त्याची नोंद कामचुकारपणा म्हणून केली. दोन्ही भाषांत दोष राबणाऱ्याच्याच माथी आला, तो मला योगायोग वाटत नाही.

राज्यकर्त्यांचे शब्दही लोक उलटवतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2017 च्या गुजरात निवडणुकीत ‘विकास गांडो थयो छे’, विकास वेडा झाला, हे फोनवरून फोनवर पसरले आणि एक सरकारी शब्द टवाळीचा झाला. पण निवडणुकीबरोबर ती टवाळी ओसरली. ‘वेठीस धरणे’ मात्र रोज छापून येते, म्हणून ते कुणाला टोमणा वाटतच नाही. डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदराविरुद्ध किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ अशी सरळ, बिनउपरोधाची घोषणा दिली. त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यानेही तितकेच सरळ लिहावे. रस्ता अडवला असेल, तर ‘अडवला’ म्हणावे.