राज्यकर्त्याचा मृत्यू आणि बौद्धांचा विवेक
(श्रीलंकेतील १९५९ च्या घटनेच्या निमित्ताने)

विहारातील पालि वर्गात आम्हास एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ज्या राज्यकर्त्याने समाजात दुही माजविली, ज्याच्या धोरणामुळे अनेकांची घरेदारे उजाड झाली, तो मरण पावला असता उपासकाने काय करावे? आनंद मानला तर शील मलिन होते काय? शोक केला तर ज्यांनी सोसले त्यांच्याशी प्रतारणा होते काय? मृत्यूबरोबर वैर संपते, म्हणून गेलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे, असे आपल्याकडे म्हटले जाते. परंतु ही लोकरीत आहे. ती धम्माची शिकवण आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात पालि वाङ्मयातील दोन दाखले आणि एका बौद्ध देशातील अर्वाचीन घटना यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

महापिंगल राजाचा द्वारपाल

जातकट्ठकथेत महापिंगल जातक नावाची कथा आहे. वाराणसीचा राजा महापिंगल हा अत्यंत क्रूर होता. कर, दंड आणि मारहाण यांनी त्याने प्रजेला उसाप्रमाणे पिळून काढले होते. तो मरण पावला तेव्हा सर्व नगर हर्षित झाले. हजार गाड्या लाकडांनी त्याचे दहन झाले, हजारो घागरी पाण्याने चिता विझविली गेली आणि त्याच्या पुत्राला, म्हणजे बोधिसत्त्वाला, राज्याभिषेक झाला. त्या उत्सवात एकटा द्वारपाल रडत होता. बोधिसत्त्वाने कारण विचारले. द्वारपाल म्हणाला, मी प्रेमापोटी रडत नाही. राजा प्रासादातून जाता-येता माझ्या डोक्यावर ठोसे मारीत असे. आता परलोकात तो यमाच्याही डोक्यावर ठोसे मारील, त्रासून ते त्याला परत पाठवतील आणि माझे हाल पुन्हा सुरू होतील, ही मला भीती आहे. गेलेला त्याच देहाने परत येत नाही, असे सांगून बोधिसत्त्वाने त्याचे सांत्वन केले.

ही कथा विनोदी वाटते. पण विनोदाच्या आड भय आहे. अत्याचारी मेला तरी अत्याचार सोसलेल्याच्या मनातील धास्ती त्याच्याबरोबर जळून जात नाही. कथेची प्रस्तावनाही लक्षात घेण्याजोगी आहे. देवदत्ताच्या अंतानंतर लोक आनंदित झाले. तेव्हा लोक आताच आनंदले असे नव्हे, पूर्वीही असेच आनंदले होते, असे सांगून शास्त्यांनी ही कथा कथन केली, असे तेथे म्हटले आहे. लोकांच्या आनंदाची येथे नोंद आहे. परंतु त्या आनंदाचे अनुकरण करावे असा उपदेश नाही. बोधिसत्त्व स्वतः उत्सव करताना दिसत नाही. रडणाऱ्या माणसाजवळ जाऊन तो त्याची चौकशी करतो. राज्यबदलाच्या वेळी नव्या राजाचे पहिले कर्तव्य कोणते, हे कथाकाराने न बोलता दाखविले आहे.

एळाराची समाधी

दुसरा दाखला सिंहलद्वीपाच्या इतिहासातील आहे. महानाम थेरांच्या नावावर असलेला महावंस हा ग्रंथ इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. चोळ देशातून आलेल्या एळाराने अनुराधपुरात ४४ वर्षे राज्य केले. तो बौद्ध नव्हता. तथापि शत्रू-मित्र न पाहता तो समान न्याय देत असे, अशी साक्ष हा बौद्ध ग्रंथच देतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकात दुट्ठगामणीने त्याला युद्धात ठार केले. त्यानंतर दुट्ठगामणीने केलेली कृती असामान्य आहे. त्याने एळाराचा जेथे अंत झाला तेथेच सन्मानाने त्याचे दहन केले, त्या जागी चैत्य उभारला आणि तेथे पूजा करण्याचा आदेश दिला. त्या स्थळाजवळून जाताना लंकेचे राजे आजही वाद्ये थांबवितात, असे महावंसकार लिहितो.

मात्र त्याच अध्यायात पुढे जो प्रसंग येतो तो वाचताना आम्हास प्रत्येक वेळी क्लेश होतात. रणातील संहार आठवून दुट्ठगामणीला सुख वाटेना. तेव्हा अर्हंतांनी येऊन त्याचे सांत्वन केले की, तू केवळ दीड मनुष्य मारलास. एक त्रिशरण घेतलेला आणि दुसरा पंचशील घेतलेला. बाकीचे मिथ्यादृष्टी, पशुवत होते. धम्माच्या कोणत्या सुत्तात माणसांची अशी मोजणी केली आहे? महावंसाहून जुन्या दीपवंसात दुट्ठगामणीची हकीकत अगदी थोडक्यात येते. तेथे हा संवाद नाही. याच्या उलट सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख पाहावा. कलिंगातील एक लाख मृतांची आणि दीड लाख बंदिवानांची संख्या अशोक स्वतः सांगतो आणि त्यांत कोण कोणत्या पंथाचा होता म्हणून दुःख कमी-जास्त करीत नाही. मृत शत्रूपुढे वाद्ये थांबविणे आणि मृत शत्रूला मनुष्यगणनेतून वगळणे, या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात शेजारी-शेजारी आहेत. पुढील काळात श्रीलंकेने यांपैकी कोणता वारसा जतन केला, हा प्रश्न आहे.

१९५६ ते १९५९

एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांचा जन्म १८९९ मध्ये एका प्रतिष्ठित अँग्लिकन ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुढे त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. एप्रिल १९५६ च्या निवडणुकीत त्यांची आघाडी विजयी झाली. ते बुद्ध जयंतीचे २५०० वे वर्ष होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आम्हाला धम्माच्या मार्गावर आणले. एकाच वर्षी दोन देशांत बौद्ध जागृती झाली. पण दोहोंचे स्वरूप भिन्न होते. येथे बहिष्कृत माणसाला माणूसपण मिळाले. तेथे बहुसंख्याकांच्या अस्मितेला राज्यसत्ता मिळाली.

जून १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा झाला. तमिळ भाषकांना तो आपल्या नागरिकत्वावरील आघात वाटला. बंडारनायके यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटिशांचे नाविक व हवाई तळ परत घेणे, बससेवेचे राष्ट्रीयीकरण, भातशेतीच्या कुळांना संरक्षण देणारा कायदा ही त्यांचीच कामे. जुलै १९५७ मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी त्यांनी समझोताही केला. परंतु एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी त्यांच्या निवासस्थानासमोर ठाण मांडले आणि त्यांनी तो समझोता मोडीत काढला. पुढच्याच महिन्यात भीषण दंगली उसळल्या, तमिळांची कत्तल झाली आणि हजारो लोक निराधार झाले. जो वणवा त्यांनी मतांसाठी पेटविला, तो विझविण्याचे धैर्य ऐनवेळी त्यांना झाले नाही, असे इतिहासाने म्हटल्यास त्यात अन्याय नाही.

२५ सप्टेंबर १९५९ रोजी कोलंबोतील आपल्या घराच्या व्हरांड्यात ते अभ्यागतांना भेटत असता तालदुवे सोमाराम नावाच्या चीवरधाऱ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. कटाचा सूत्रधार केलनिय राजमहाविहाराचा प्रमुख मापिटिगम बुद्धरक्खित हा निघाला. १९५६ च्या विजयासाठी ज्यांनी सर्वाधिक खटपट केली त्यांत तो होता. त्याच्या रोषामागे केवळ धर्माभिमान नव्हता. सरकारकडून अपेक्षिलेले व्यापारी लाभ न मिळाल्याचा रागही होता, हे खटल्यात पुढे आले. ज्या केलनियला तथागतांच्या चरणस्पर्शाने पावन झालेले स्थान म्हणून लंकेचे लोक वंदन करतात, तेथेच हा कट शिजला.

तीन प्रतिसाद

या मृत्यूला तीन ठिकाणांहून प्रतिसाद मिळाला. पहिला स्वतः मरणाऱ्या माणसाचा. रुग्णालयातून राष्ट्राला दिलेल्या संदेशात बंडारनायके यांनी आपल्यावर गोळ्या झाडणारा हा भिक्खूच्या वेशातील एक मूढ मनुष्य असल्याचे सांगितले आणि त्याच्याविषयी करुणा बाळगावी, सूड घेऊ नये, अशी विनंती केली. करवतीने अंग कापले जात असताही मन दूषित होऊ देऊ नये, हा ककचूपम सुत्ताचा उपदेश पाठ करणारे पुष्कळ असतात. तो त्या घटकेला आठवणारे विरळा. राजकीय जीवनात जे धैर्य त्यांना दाखविता आले नाही, ते मृत्युशय्येवर त्यांनी दाखविले. हे मान्य करण्यास त्यांच्या भाषाधोरणाचे समर्थन करावे लागत नाही.

दुसरा प्रतिसाद राज्यसंस्थेचा. १९५८ मध्ये बंडारनायके यांच्याच सरकारने फाशीची शिक्षा स्थगित केली होती. त्यांच्या हत्येनंतर काही आठवड्यांतच, १९५९ संपण्यापूर्वी, ती स्थगिती रद्द झाली आणि नवा कायदा आधीच्या खुनांनाही लागू होईल अशी तरतूद झाली. १९६१ मध्ये सोमाराम, बुद्धरक्खित व एच. पी. जयवर्धन यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. पूर्वलक्षी तरतूद खुनाच्या कटाला लागू होत नाही असा निर्णय अपील न्यायालयाने दिल्याने अखेरच्या दोघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. सोमारामाला ६ जुलै १९६२ रोजी फाशी झाली. तत्पूर्वी त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. त्या वेळी पंतप्रधानपदी बंडारनायके यांच्या पत्नी सिरिमावो होत्या. म्हणजे मृत नेत्याच्या नावाने राज्य चालले, पण त्याची शेवटची इच्छा मात्र मानली गेली नाही. एवढेच नव्हे, तर जे धोरण त्याच्या हयातीत वादग्रस्त होते, ते त्याच्या हौतात्म्यामुळे जणू पवित्र झाले. १ जानेवारी १९६१ पासून राजभाषेचा अंमल अधिक कठोरपणे सुरू झाला. मृताविषयी चांगलेच बोलावे या रीतीचा धोका येथे दिसतो. स्तुतीच्या फुलांखाली चुका झाकल्या जातात आणि झाकलेल्या चुका पुढच्या पिढीला फेडाव्या लागतात. १९८३ नंतर त्या बेटाने सव्वीस वर्षे यादवी सोसली. तिची सर्व कारणे १९५६ मध्ये नसली तरी एक मूळ तेथे होते.

तिसरा प्रतिसाद संघाच्या विनयाचा. तिसऱ्या पाराजिकाप्रमाणे मनुष्यवध करणारा भिक्खू त्याच क्षणी भिक्खू राहत नाही. त्याला संघात सहवास नाही. त्यासाठी वेगळा निवाडा व्हावा लागत नाही. दुसऱ्याकरवी वध करविणाराही तितकाच दोषी आहे. इतकेच नव्हे, तर मरणाची प्रशंसा करून एखाद्यास मृत्यूस प्रवृत्त करणे हेही त्याच नियमात येते. यावरून २५ सप्टेंबरच्या सकाळी तेथे चीवर होते, भिक्खू नव्हता, असे म्हणता येईल. परंतु एवढे म्हणून सुटका करून घेणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. चीवर, विहार आणि सत्ता यांची सांगड कोणी घातली, हा प्रश्न उरतोच. १९५० मध्ये बाबासाहेबांनी लंकेत जाऊन तेथील बौद्ध जीवन प्रत्यक्ष पाहिले होते. भिक्खू हा केवळ स्वतःची पूर्णता साधणारा की समाजाचा सेवक, हा प्रश्न त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात उपस्थित केला. सेवा म्हणजे सत्तेची दलाली नव्हे, हे केलनियच्या उदाहरणावरून आपण शिकले पाहिजे.

उपासकाने काय करावे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत. एक दूरचा, एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य आणि जवळचा शत्रू आसक्तीतून आलेला शोक. उपेक्षेचा जवळचा शत्रू अज्ञानातून येणारी बेपर्वाई. जवळचा शत्रू अधिक घातक, कारण तो सद्गुणाचेच रूप घेऊन येतो. विरोधी नेत्याच्या मृत्यूवर मिठाई वाटणे हे उघड क्रौर्य आहे. ते ओळखणे सोपे. परंतु आपल्या नेत्यासाठी अश्रू ढाळताना त्याच्या दोषांवर पांघरूण घालणे ही करुणा नव्हे. आणि मेला तो मेला, आता ते जुने कशाला उकरायचे, असे म्हणणे ही उपेक्षा नव्हे. खऱ्या उपेक्षेचा पाया प्राणी आपापल्या कर्माचे धनी आहेत, या जाणिवेत आहे. मृत्यूमुळे कर्म पुसले जात नाही. म्हणून ते सांगण्याचे टाळूही नये आणि त्याचा सूडही घेऊ नये.

कटू सत्य बोलावे की नाही, याचे उत्तर अभयराजकुमार सुत्तात आहे. देवदत्ताविषयी तथागत कठोर बोलले, तेव्हा ते दुसऱ्यास अप्रिय होईल असे बोलतात काय, असा पेच अभयाने टाकला. तथागतांनी त्याच्या मांडीवरील बालकाकडे लक्ष वेधून विचारले की, याच्या तोंडात खडा गेला तर तू काय करशील? रक्त आले तरी काढीन, असे अभय म्हणाला. कारण त्याला बालकाविषयी अनुकंपा होती. जे सत्य आहे आणि हितकर आहे, ते अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलावे, हा त्याचा इत्यर्थ. मृत राज्यकर्त्याच्या चुका सांगणे हे समाजाच्या घशातील खडा काढणे आहे. हात मात्र अनुकंपेचा हवा, आणि वेळ पाहण्याचा विवेक हवा. चितेच्या धगीत नव्हे, पण ती विझल्यानंतर फार उशीरही नव्हे.

हे आपल्या नेत्यांच्या बाबतीतही तितकेच लागू आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला होता. ती हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले होते. हा इशारा जिवंत नेत्यांपुरताच नाही. मृत नेता प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही, म्हणून त्याची भक्ती अधिक सोपी आणि अधिक धोक्याची असते.

श्रीलंकेत १९७६ नंतर कोणालाही फाशी दिली गेलेली नाही. बंडारनायके यांची शेवटची विनंती उशिराने आणि अपघाताने का होईना, काही अंशी पाळली गेली, असे म्हणता येईल. परंतु मरणाऱ्या माणसाची करुणा आणि जिवंत माणसाची चूक ही दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवणे, हे काम कायदा करू शकत नाही. ते उपासकालाच करावे लागते. एळाराच्या समाधीजवळून जाताना राजे वाद्ये थांबवीत. शत्रूच्या मृत्यूनंतर एवढी शांतता आपल्याकडून पाळली जावी. आणि त्या शांततेत द्वारपाल कोठे रडत आहे काय, हे पाहण्यासाठी आपण थांबावे, असे आम्हास वाटते.