अंगठ्याएवढा पहारेकरी : मोटारीतील ऑक्सिजन सेन्सरचा इतिहास

१/ जुलै १९४३. लॉस एंजेलिसवर दाट धुरके उतरले. डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. महायुद्ध ऐन भरात होते; जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही अनेकांना आली. ऑक्सिजन सेन्सर या छोट्याशा सुट्या भागाची कहाणी या धुरक्यापासून सुरू होते. 🧵

२/ प्रारंभी संशय कारखान्यांवर होता. कॅलटेकमधील आरी हागेन-स्मिट हे तेव्हा अननसाच्या गंधाचे रसायनशास्त्र अभ्यासत होते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनीच दाखवून दिले की, मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके तयार होते.

३/ १९७० च्या अमेरिकी कायद्याने मोटारींच्या धुरातील प्रदूषके सुमारे ९० टक्क्यांनी घटविण्याचे बंधन घातले. उपाय होता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मात्र तीनही प्रमुख विषारी घटक एकाच वेळी नष्ट व्हायचे, तर १ किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा हवी. कार्ब्युरेटरला हे अचूक प्रमाण राखणे जमत नव्हते.

४/ उत्तर जुनेच होते. तापलेल्या झिर्कोनियातून वीज वाहते, हे जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस दिव्यासाठी वापरले होते. या पदार्थाच्या एका बाजूस धूर व दुसऱ्या बाजूस हवा असली, की दोहोंतील ऑक्सिजनच्या फरकानुसार सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. तो वाचून पेट्रोल कमी-अधिक करता येते.

५/ १९७६ मध्ये बॉशचा हा सेन्सर व्होल्व्होच्या कॅलिफोर्नियातील मोटारींत आला. हवा-इंधन प्रमाणाच्या ग्रीक चिन्हावरून त्यास 'लॅम्डा' हे नाव मिळाले. आरंभीचे सेन्सर अल्पायुषी होते. ठरावीक अंतर कापले, की ते बदलावेच लागत.

६/ त्याचा मोठा वैरी म्हणजे पेट्रोलमधील शिसे. ते प्लॅटिनमच्या लेपावर बसले, की सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही निकामी होत. म्हणून १९७४ पासून अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोल ठेवणे पंपांना भाग पडले. यंत्र वाचविण्यासाठी काढलेले शिसे मुलांच्या रक्तातूनही ओसरू लागले.

७/ भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह ४ महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर व शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य झाले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर हा सेन्सर दुचाकींतही सर्रास दिसू लागला.

८/ सेन्सर बिघडला तरी गाडी चालतेच, म्हणून 'चेक इंजिन'चा दिवा दुर्लक्षिला जातो. इंजिन मग अंदाजाने पेट्रोल ओतते. जास्तीच्या इंधनाने कन्व्हर्टर तापून जळू शकतो. गॅरेजमध्ये जुना सेन्सर आट्यांतून सोडवून नवा बसविणे हे थोड्या वेळाचे काम. ते टाळल्याची किंमत मात्र चालकाबरोबर रस्त्यावरून चालणाराही आपल्या श्वासातून मोजतो.